घर बदलताना विजेचं मीटर: डोंबिवली ते बदलापूर, एप्रिल ते सप्टेंबर २०२४

काम असं: डोंबिवली पूर्वेचं भाड्याचं घर सोडायचं आणि बदलापूर पश्चिमेला विकत घेतलेल्या जुन्या फ्लॅटमध्ये जायचं. दोन्हीकडे वीज महावितरणचीच, परिमंडळही कल्याणच. तरी आपला ग्राहक क्रमांक आपल्यासोबत येत नाही. तो जागेला चिकटलेला असतो. म्हणून इथे कामं दोन: जुन्या खात्यातून नीट बाहेर पडणं आणि नव्या खात्यात नीट शिरणं. खाली तारखेप्रमाणे नोंदी आहेत. चुका झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

२८ एप्रिल, रविवार

विकणाऱ्यांकडून मागच्या बारा महिन्यांची बिलं मागितली. त्यांनी फक्त शेवटचं पाठवलं. तेवढ्यावर समाधान मानू नये. बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट मिळालं की मागची बिलं ऑनलाइन उघडता येतात. एकट्या बिलातून थकबाकी कळते, पण घर बंद असताना किती युनिट पडतात हे वर्षभराची बिलं ओळीने पाहिल्याशिवाय दिसत नाही. पुढे हेच कामी आलं.

४ मे, शनिवार

बिलातल्या कुठल्या रकान्यात काय पाहिलं ते लिहून ठेवतो.

दर संकेत: ९०, एलटी वन रेस, सिंगल फेज. म्हणजे घरगुती. तिथे ५२ आणि ‘कॉम’ असं दिसलं तर थांबावं. आधी कुणी तिथे ऑफिस किंवा क्लास चालवला असेल तर खातं व्यावसायिक दरात गेलेलं असतं, आणि आपण राहायला गेलो म्हणून ते आपोआप घरगुती होत नाही. वर्गवारी बदलाचा अर्ज वेगळा करावा लागतो. घरातल्या एका खोलीत शिकवणी, शिवणकाम असं काही करणाऱ्यांना मात्र सूट आहे: महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि आदल्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरच लागतो.

मंजूर भार: १ किलोवॅट. हसू आलं. दोन एसी बसवायचे आहेत. याचं नंतर पाहू.

सुरक्षा ठेव: १,३४० रुपये.

थकबाकी: मुख्य बिलावर शून्य. पण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं ६२० रुपयांचं वेगळं बिल आलेलं आणि भरायचं राहिलेलं. वर्षाच्या सरासरी वापरावरून ठेव पुन्हा मोजतात आणि फरकाचं बिल वेगळं पाठवतात. बरेच जण ते बाजूला ठेवून देतात, ‘हे काय वापराचं बिल नाही’ म्हणून.

जुनी थकबाकी हलक्यात घेऊ नये. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. ‘ते त्यांचं आहे, आमचं नाही’ हे काउंटरवर चालत नाही.

आता खटकलेली गोष्ट. घर डिसेंबरपासून बंद आहे असं विकणारे सांगतात. बिलं मात्र डिसेंबर ते एप्रिल दर महिन्याला १४० ते १५५ युनिटची. पाच महिन्यांत ७४२ युनिट. फ्रिज चालू ठेवला असेल, असं ते म्हणाले. एक फ्रिज महिन्याला पंचवीस-तीस युनिट खातो, फार तर चाळीस. उरलेले शंभर कुठले?

११ मे, शनिवार

मीटर रूममध्ये गेलो. तळमजल्यावर २८ मीटर, एका लाकडी फळीवर. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी या भागात शिरलं होतं. तेव्हापासून बोर्ड वर घ्यायचं सोसायटीत चाललं होतं, ते मागच्या नोव्हेंबरात झालं: अख्खा बोर्ड तीन फूट वर. तारा नव्या, रंग नवा, नंबरही नव्याने रंगवलेले.

बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो. आपल्याचे शेवटचे चार अंक ४४१७. फळीवर ४४१७ च्या खाली ‘३०४’ रंगवलेलं, तोच आपला फ्लॅट. इथवर सगळं जुळतं. बहुतेक लोक इथेच फोटो काढून वर जातात.

वर फ्लॅटमध्ये मेन स्विच बंद केला. फ्रिज तर कधीच बंद होता, दार उघडं ठेवून वाळत घातलेला. खाली येऊन पाहिलं तर ४४१७ चा लाल दिवा लुकलुकतोय. साधारण तीन सेकंदाला एकदा. या मीटरवर ३२०० इम्प प्रति युनिट असं लिहिलंय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. तीन सेकंदाला एक म्हणजे तासाला १२००, म्हणजे ३७५ वॅट. बंद घरात. दोन पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही एवढा हा भार.

मग उलटं करून पाहिलं. फ्लॅटमधला मेन चालू करून एका सॉकेटला इस्त्री लावली. ४४१७ ची चाल तशीच राहिली. त्याच्या दोन घरं पलीकडे ४४७१ चा दिवा, जो आतापर्यंत गप्प होता, तो सेकंदाला जवळपास एकदा लुकलुकू लागला. ४४७१ खाली रंगवलंय ‘३०३’.

झालं असं असावं: बोर्ड वर घेताना वायरमनने चिठ्ठीवर अंक लिहिले, आणि ४४१७ व ४४७१ यांच्यात गल्लत झाली. मीटर आपापल्या जागी, नंबरही बरोबर, पण मीटरनंतर वर जाणाऱ्या तारा एकमेकींच्या जागी. सहा महिने बंद घराचे मालक शेजाऱ्यांची वीज भरत होते आणि शेजारी बंद घराचं बिल.

खात्री करायची शेवटची पायरी: ४४१७ च्या खालचा कटआउट (फ्यूज) क्षणभर काढणं. हे शेजाऱ्यांना सांगूनच करावं. ३०३ मधल्या काकूंना आधी फोन केला, त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मग कटआउट काढला. वरून त्यांनी सांगितलं, ‘गेली आमची.’

वेळ: दोन तास. हत्यार: इस्त्री आणि मोबाइल. सौदा होण्याआधी याहून उपयोगी दोन तास नाहीत.

१३ मे, सोमवार

तारा आपण बदलायच्या का? मीटरचं टर्मिनल कव्हर सीलबंद असतं आणि सीलला हात लावायचा नाही, कारण कुठलंही असो. इथे गल्लत कटआउटच्या खालच्या बाजूला, म्हणजे सीलबाहेर होती. तरीही स्वतः केलं नाही. दोन खात्यांचा प्रश्न आहे. उद्या कुणी म्हणालं की यांनी मीटरशी छेडछाड केली, तर दाखवायला कागद हवा. शाखा कार्यालयात एकच अर्ज दिला, त्यावर दोन्ही ग्राहकांच्या सह्या, दोन्ही मीटर क्रमांक, दोन्हीची त्या दिवशीची रीडिंग. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला.

१५ मे, बुधवार

लाइनमन आले, वीस मिनिटांत तारा बदलून गेले. बदलाच्या वेळेची रीडिंग फोटोसह ठेवली: ४४१७ वर ६२४०. लगेच इस्त्रीची चाचणी परत केली. यावेळी ४४१७ लुकलुकला.

मागच्या पैशांचं काय? वीज कंपनीने प्रत्येक मीटरचं बिल बरोबरच दिलं होतं, त्यामुळे तिच्याकडे मागण्यासारखं काही नव्हतं. विकणारे आणि ३०३ वाले यांच्यातला हा हिशेब. ७४२ युनिटचा वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि वर १६ टक्के वीज शुल्क मिळून सहा-साडेसहा हजारांच्या घरात रक्कम झाली. स्थिर आकार दोघांनी आपापला भरलाच होता, तो यात धरायचा नाही. तो धरला म्हणून त्यांचा पहिला हिशेब चुकला आणि थोडी कुरबूर झाली.

१८ मे, शनिवार. ताबा

रीडिंग ६२४०, पंधरा तारखेचीच. फोटो असा काढावा: एकाच चौकटीत मीटर क्रमांक आणि रीडिंग, दोन्ही वाचता येतील असं. स्क्रीन दर काही सेकंदांनी बदलते. तारीख, वेळ, व्होल्टेज, सर्वोच्च मागणी असं एकेक येतं. युनिटचा आकडा येईपर्यंत थांबावं. घाईत काढलेल्या पहिल्या फोटोत २३१.४ आलं होतं, ते व्होल्टेज. फोटो दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ताबापावतीत आकडा अक्षरी लिहून घेतला.

ठेवीचं काय करायचं तेही पावतीत घातलं. नाव बदलताना ठेव नव्या नावावर वळते, म्हणून १,३४० रुपये विकणाऱ्यांना रोख दिले आणि ६२० चं बिल आपण भरलं. म्हणजे आता खात्यावरची सगळी १,९६० ठेव आपली. हे बोलून ठेवलं नाही तर सहा महिन्यांनी फोन येतो.

आज एक चूक झाली, तिची किंमत जुलैत कळली. खात्यावरचा मोबाइल क्रमांक बदलायचा राहिला. त्याला नाव बदलाची वाट पाहावी लागत नाही.

२१ मे, मंगळवार

काल मतदानाची सुट्टी, आज फरशीचं काम सुरू. कटर, ग्राइंडर, पाणी उपसायला अर्धा एचपी पंप. घराच्या दुरुस्तीसाठी वेगळं तात्पुरतं कनेक्शन लागतं, असं ठेकेदार सांगत होता. राहत्या घरात दुरुस्ती असेल आणि त्या महिन्याचा वापर ५०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती कनेक्शनवरच काम चालतं आणि दरही घरगुतीच लागतो. म्हणून दर तीन दिवसांनी रीडिंग लिहून ठेवतोय. वेल्डिंगचं काम मात्र बाहेर करून आणायला सांगितलं.

२५ मे, शनिवार

डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य वीज-पेटीत, जुना पोर्सिलीनचा मेन होता. तो काढून ४० अँपिअरचा, ३० मिलीअँपिअरवर तुटणारा डबल पोल आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला. २,१५० रुपये. चालू केला की खट. पुन्हा चालू, पुन्हा खट.

वायरमनने सगळे एमसीबी (एकेका भागाची वीज तोडणारे छोटे स्विच) खाली केले. तरी खट. त्यावर तो म्हणाला, आरसीसीबीच खराब आहे, बदलून आणा. बदलून आणला. तरी खट. यात एक दिवस गेला.

२६ मे, रविवार

कारण असं: सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरात कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटले असतील, तर सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी तुटतो. शोधायची रीत: मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या सगळ्या तारा सोडवायच्या, मग एकेक जोडत मेन चालू करून पाहायचा. सात तारा होत्या. पाचवी जोडली आणि खट. ती बाथरूमची.

बाथरूमच्या बोर्डात आधीच्या कुणीतरी एक्झॉस्ट फॅन बसवताना फॅनपर्यंत न्यूट्रल नव्हता म्हणून बोर्डातल्या न्यूट्रलला हिरवी अर्थची तार जोडून वापरलेली. फॅन वर्षानुवर्षं फिरला, कुणाला कळलं नाही. आधीच्या फोटोंत मीटरवरचा अर्थचा छोटा दिवा लागलेला दिसतोय. आपण तो पाहिला, पण तो असाच असतो असं समजलो. मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतो. दोन्हींत तफावत आली की तो दिवा लागतो. मीटर रूममध्ये गेलात तर लाल दिव्याच्या शेजारी हा दुसरा दिवा लागलाय का, तेही बघा.

नवा न्यूट्रल ओढला. आरसीसीबी टिकला, मीटरवरचा दिवा विझला. मजुरी दोन फेऱ्यांची १,६००. आधीचा आरसीसीबी चांगला होता, दुकानदाराने बदलून दिला म्हणून पैसे वाचले.

२९ मे, बुधवार

मीटरपासून वर येणारी तार २.५ चौरस मिमीची. एकेरी अंतर २२ मीटर. गिझर आणि दोन हीटर लावून २५ अँपिअर ओढले तर मीटरजवळच्या आणि डीबीतल्या व्होल्टेजमध्ये ८ व्होल्टचा फरक. ६ चौरस मिमीची तांब्याची तार ओढली, तोच फरक साडेतीन व्होल्टच्या खाली आला. ४४ मीटर तार, १०५ रुपयांनी ४,६२०. अर्थची तार, पाइप, मजुरी धरून ७,९००. दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन एकाच वेळी चालणार असतील तर इथे काटकसर करू नये.

थ्री फेज घ्या असं दोघांनी सुचवलं. घरगुती सिंगल फेजला स्थिर आकार महिन्याला सव्वाशेच्या आसपास, थ्री फेजला तिपटीहून जास्त, आणि तो घर बंद असलं तरी लागतो. दोन एसीसाठी गरज नाही.

२ जून, रविवार. डोंबिवली सोडलं

घरमालकांसमोर शेवटची रीडिंग, फोटो, शेवटच्या बिलापासूनचे युनिट, अंदाजे रक्कम, अनामतीतून वळती. पंधरा मिनिटांचं काम. खात्यावरून आपला मोबाइल क्रमांक काढून मालकांचा घालायला सांगितला.

एक गोष्ट राहिली. ती सप्टेंबरात येईल.

६ जून, गुरुवार

गॅस. सिलिंडर आणि रेग्युलेटर डोंबिवलीच्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) घेतलं. ठेव परत मिळते ती जुन्या सबस्क्रिप्शन व्हाउचरवर (कनेक्शन घेतानाच्या पावतीवर) छापलेली: सिलिंडरचे १,४५० आणि रेग्युलेटरचे १५०. नव्या जागी आजच्या दराने भरायचे: जून २०२२ पासून सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०. खिशातून ८५० गेले. जवळच्या गावात बदली असेल तर सिलिंडर जमा न करता ट्रान्सफर होऊ शकते, हे आधी विचारायला हवं होतं. जुनं व्हाउचर हरवू नये.

८ जून, शनिवार. ताब्याच्या महिन्याचं बिल

इथे जरा थांबतो, कारण यावर सगळीकडे वाद होतात.

बिल ५ मे ते ४ जून, ३० दिवसांचं. ६१८२ ते ६४२०, म्हणजे २३८ युनिट. १८ मेपर्यंतचे १३ दिवस आणि ५८ युनिट विकणाऱ्यांचे, पुढचे १७ दिवस आणि १८० युनिट आपले. दर १ एप्रिल २०२४ पासूनचे: पहिल्या १०० ला ४.७१, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, त्यापुढे १६.६४. वहन आकार प्रत्येक युनिटला १.१७.

वीज आकार ४७१ अधिक १,४२०.०२, वहन आकार २७८.४६, एकूण २,१६९.४८. आता यातला विकणाऱ्यांचा वाटा किती?

विकणारे म्हणाले, आम्ही आधी वापरली, आमचे ५८ स्वस्तातले. तसं धरलं तर ३४१ रुपये. ठेकेदार म्हणाला, सरळ सरासरी काढा. सरासरीने युनिटला ९.१२ पडतात, त्यांचे होतात ५२९. आणि तिसरी रीत: स्लॅब दिवसांत वाटायचा. ३० दिवसांना १०० स्वस्त युनिट, तर १३ दिवसांना ४३.३३. तेवढे ४.७१ ने, उरलेले १४.६७ युनिट १०.२९ ने, वर वहन आकार. होतात ४२३.

आपण तिसरी धरली. सरासरीत आपल्या ग्राइंडरचा महाग युनिट त्यांच्या डोक्यावर बसतो, आणि पहिल्या रीतीत महिन्याच्या स्वस्त शंभरातले ५८ तेरा दिवसांत जातात. स्थिर आकार १३/३०, इंधन समायोजन युनिटप्रमाणे, मग सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. ५८ युनिट प्रत्यक्षात ३०३ च्या घरात गेले होते, म्हणून विकणाऱ्यांनी तेवढे त्यांच्याकडून घेतले.

रक्कम लहान आहे. एसी चालणाऱ्या घरात, ४०० युनिटच्या महिन्यात, हाच फरक पाचशेवर जाऊ शकतो.

१५ जून, शनिवार

नाव बदलाचा अर्ज ऑनलाइन केला. कागद: आधार, सूची दोन (इंडेक्स टू, खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं पत्र, शेवटचं भरलेलं बिल, आधीच्या मालकांची संमती.

२४ जून, सोमवार

अर्ज परत आला. दोष आपलेच, दोन. सूची दोनच्या जागी करारनाम्याची पहिली पानं चढवली होती. आणि फ्लॅट दोघांच्या नावे, अर्ज एकाच्या. दुसऱ्याचं संमतीपत्र नाही. नऊ दिवस गेले.

या काळात भारवाढीचा अर्जही उरकून टाकायचा मोह झाला होता. बरं झालं केला नाही. नाव बदलण्याआधी केला असता तर मागणीपत्र आणि पावत्या जुन्या मालकांच्या नावे निघाल्या असत्या. आधी नाव, मग भार.

२६ जून, बुधवार

पुन्हा अर्ज. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि सूची दोनवर एक असेल तर जे बिलावर हवं तेच सगळीकडे लिहावं आणि बरोबर एक साधं प्रतिज्ञापत्र जोडावं. बँका पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल मागतात, तिथे एका अक्षराने अडतं.

९ जुलै, मंगळवार

बिल आलं १५१ युनिटचं. मीटरच्या फोटोच्या जागी फोटो नाही, रीडिंगच्या रकान्यात ‘लॉक्ड’. पावसामुळे मीटर रूमला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावी. म्हणून सरासरीने बिल. रीडिंग घेता आलं नाही, अ‍ॅपवरून फोटोसह पाठवा, असा संदेश आला होता, पण गेला विकणाऱ्यांच्या मोबाइलवर. मुदत निघून गेली. १८ मेची ती चूक हीच. मोबाइल क्रमांक आज बदलला, पाच मिनिटं लागली.

सरासरीचं बिल भरून टाकलं. ते न भरता ‘खरं बिल आलं की भरू’ म्हणणं महागात पडतं. विलंब आकार आणि व्याज चालू होतं.

सोसायटीने किल्लीची दुसरी प्रत गेटवर ठेवली.

७ ऑगस्ट, बुधवार

४ ऑगस्टचं रीडिंग ६८९०. दोन महिन्यांत ४७० युनिट. हे बिल डोळ्यांत तेल घालून पाहावं. दोन महिन्यांचा वापर असेल तर स्लॅबही दोन महिन्यांचे मिळायला हवेत: २०० युनिट ४.७१ ने, २७० युनिट १०.२९ ने, एकूण ३,७२०.३०. हेच ४७० एका महिन्याचे धरले तर १७० युनिट १४.५५ च्या घरात शिरतात आणि वीज आकार ५,००२.५० होतो. फरक १,२८२.२०, वीज शुल्क धरून दीड हजाराच्या जवळ. बिलात दोन महिने धरले होते आणि जुलैत भरलेले १५१ युनिटचे पैसे वजा होते. बरोबर निघालं. तुमचं निघालं नाही तर दोन्ही बिलांच्या प्रती आणि मीटरचा फोटो घेऊन उपविभागात जावं, बिल दुरुस्त होतं.

या बिलावर नाव आपलं. कागदी बिल बंद केलं, त्याचे २०२४ मध्ये बिलामागे १० रुपये सुटत होते. सात दिवसांच्या आत भरलं तर आणखी थोडी सूट.

१७ ऑगस्ट, शनिवार

भारवाढ, १ वरून ५ किलोवॅट. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. आरसीसीबी आणि नवी तार झालेली असल्याने अहवाल एका फेरीत मिळाला, १,००० रुपये. घरगुती सिंगल फेजला स्थिर आकार भारावर ठरत नाही, म्हणून भार वाढवल्याने महिन्याचं बिल वाढत नाही. एकदाचे सेवा जोडणीचे पैसे आणि ठेव तेवढी भरावी लागते. लोक उगाच घाबरून १ किलोवॅटवर दोन एसी चालवतात.

८ सप्टेंबर, रविवार

बँकेच्या पासबुकात १,४६० रुपये गेलेले दिसले, वीजबिल म्हणून. आपलं बिल तर भरून झालेलं. डोंबिवलीच्या खात्यावर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे लावलेलं, ते बंद करायचं राहिलं होतं. जून आणि जुलैत नवा भाडेकरू आमच्या आधी भरत होता म्हणून रक्कम शून्य दिसत होती. ऑगस्टचं बिल त्याने उशिरा उघडलं आणि आमचे पैसे आधी गेले. पैसे त्या खात्यावर जमा. वीज कंपनीकडून परत मागण्यापेक्षा भाडेकरूकडून घेणं सोपं. घरमालकांच्या मध्यस्थीने तीन आठवड्यांनी मिळाले.

घर सोडायच्या दिवशी ऑटोपे दोन ठिकाणी पाहावं: यूपीआय अ‍ॅपमध्ये आणि बँकेच्या बिलपेमध्ये. एका ठिकाणी बंद केलं की दुसरं बंद झालं असं समजू नये.

२२ सप्टेंबर, रविवार

बिल जास्त वाटतंय, मीटर वेगात आहे का, अशी घरात शंका. चाचणी केली. सगळं बंद, फक्त १००० वॅटची इस्त्री, थर्मोस्टॅट सगळ्यात वर, बुडाला ओला फडका म्हणजे ती मधेच तुटत नाही. तीन मिनिटं. ३२०० च्या मीटरवर १००० वॅटला तीन मिनिटांत १६० वेळा लुकलुकायला हवं. दिव्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं, नंतर संथ करून मोजलं. तोंडाने मोजताना दोनदा चुकलो होतो.

आले १४८. म्हणजे मीटर मंद? नाही. इस्त्रीवरचे १००० वॅट २३० व्होल्टला असतात. मीटरच्या स्क्रीनवर त्या वेळी २२२ दिसत होतं. इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूत व्होल्टेज घटलं की वॅट त्याच्या वर्गाने घटतात, म्हणजे ९३२ वॅट. त्याला तीन मिनिटांत १४९ हवेत. मीटर बरोबर आहे. बिल जास्त येतंय ते एसी २० वर ठेवल्यामुळे.

मीटर रूममध्ये ४४१७ आणि ४४७१ च्या खाली रंगवलेल्या नंबरांशेजारी, पूर्ण मीटर क्रमांक छापलेल्या पट्ट्या चिकटवल्या. तशाच पट्ट्या वर डीबीच्या दारांवर, दोन्ही घरांत. उरलेल्या २६ घरांपैकी चौघांनी आत्तापर्यंत इस्त्रीची चाचणी केली आहे. तिघांची बरोबर निघाली.